सतरावी फेरी

एइबारची दरी इतकी अरुंद
की कारखानेसुद्धा एकमेकांच्या डोक्यावर बसलेले.
आमचा लेथ तिसऱ्या मजल्यावर.
खाली बेनिता बंदुकांवर सोन्याची तार ठोकून
द्राक्षाची पानं उमटवायची,
आणि तिच्या टेबलावरचा कॉफीचा कप
आमच्या टूलचं खरंखोटं सगळं सांगायचा.

मी पहिल्यांदा आटे पाडले
त्या दिवशी तो कप चालत चालत काठापर्यंत गेला.

"कसं कापलंस?" सेनोन म्हणाला.
दहा फेऱ्या, मी म्हटलं. सारखे घास. दर वेळी तेवढंच खोल.
टूलचं टोक निळं पडलेलं, वर एक कण उडालेला.
तो ओरडला नाही. खडू घेतला,
लेथच्या झाकणावर त्रिकोण काढला
आणि आडव्या रेघांनी त्याच्या दहा पट्ट्या केल्या.
मोज, म्हणाला, पट्टीत किती छोटे त्रिकोण मावतात.
पहिलीत एक.
दुसरीत तीन, तिसरीत पाच.
दहावीत
एकोणीस.

घास तेवढाच दिसतो गं, नेकाने.
तोंडात मात्र एकोणीस येतात.

मग त्याची रीत:
पहिल्या फेरीला शेचाळीस शतांश. बिनधास्त.
पुढे कमी, अजून कमी,
चौथ्या फेरीशी दुप्पट खोल, नवव्याशी तिप्पट,
सोळाव्याला चौपट, आणि तिथे थांबायचं.
प्रत्येक फेरीला कीस तेवढाच.
तोही एकाच गालावरून; दोन्ही गालांवरून काढलास
तर दोन कीस एकमेकांच्या गळ्यात पडतात
आणि वाट अडते.

ओंडारोआच्या एका बोटीचा स्क्रू होता,
अंगठ्याएवढा जाड, हातभर लांब.
मी सोळा फेऱ्या बिनचूक केल्या.
नट दोन्ही टोकांना गेला, मध्ये अडला.

"जोर तीन दिशांना लागतो," सेनोन म्हणाला.
"टूलला खाली दाबतो तो मोठा, तो ऐकू येतो.
आट्याच्या वाटेने ढकलतो, तो कळतो.
तिसरा लोखंडाला मागे रेटतो.
त्याचा आवाज नाही.
पोलाद वाकतं, बाजूला होतं, टूल पुढे गेलं की परत येतं.
तुला वाटतं, कापलं."

मग काय करायचं? अजून खोल?

"काही नाही. डायलला हात लावू नकोस.
त्याच आकड्यावर, त्याच वाटेने
पुन्हा जायचं."

सतराव्या फेरीला दोरा निघाला,
केसासारखा, जवळजवळ नाहीच.
अठराव्याला फक्त तेल चमकलं.

सेनोनबद्दल हे नंतर कळलं:
संपाच्या वर्षी, कडाक्याच्या थंडीत,
तो तीन दिवस मागच्या दाराने कामावर आला होता.
सगळ्यांनी सोडून दिलं. बेनिताने नाही.
नऊ वर्षं.
रोज संध्याकाळी उतरताना
तो दुसऱ्या मजल्यावर थांबायचा,
दार उघडं असायचं,
"गाबोन" म्हणायचा, शुभ रात्री, एवढंच,
आणि उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरायचा.
पोरं म्हणायची, म्हाताऱ्याचे आटे ढिले झालेत.

बोटीचा दुसरा स्क्रू मी एकटीने केला.
सेनोन खिडकीशी, पाठमोरा, हात खिशात;
त्याचे हात तेव्हा थरथरायला लागले होते
आणि तो ते लेथला दाखवत नसे.
सोळा. सतरा. अठरा.
नट एका बोटाने फिरत शेवटापर्यंत गेला.

जिन्यावर पावलं वाजली.
बेनिता कप घेऊन वर आली, काठोकाठ भरलेला,
लेथच्या माथ्यावर, अजून कोमट लोखंडावर ठेवला.

"आज हलला नाही," म्हणाली.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं
आणि पाहिलं की ती
खिडकीकडे बघतेय.